जुन्या सोड्याच्या केगची सीलं: कुठली घ्यावी, कुठली दुकानातच राहू द्यावी

जुना कॉर्नी केग, म्हणजे सोडा भरायची स्टीलची टाकी, स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारायच्या आधी झाकण उघडा आणि आत नाक घाला. आयोडेक्ससारखा वास आला तर समजायचं की आत रूट बीअर (नावाला बीअर, प्रत्यक्षात अमेरिकन सोडा) होती, कारण त्या वासाचं द्रव्य दोन्हीकडे एकच, मिथाइल सॅलिसिलेट. स्टील धुतलं की स्वच्छ होतं हो, त्याला काही नाही, पण वास असतो रबरात आणि रबरातला वास कितीही उकळा, सोडा लावा, उन्हात ठेवा, जात नाही. त्या केगमध्ये तुम्ही छान हलकी बीअर भरलीत की पंधरा दिवसांनी पहिल्या घोटाला गुडघ्याला चोळल्यासारखं वाटणार. म्हणून पहिला नियम, जुना केग घरी आला की सीलच्या सगळ्या रबरी रिंगा काढून सरळ कचऱ्यात. चांगल्या दिसत असल्या तरीही. आणि मग प्रश्न येतो की नवीन कुठल्या आणि कुठून, तेच लिहायला बसलोय कारण यावर जो माल विकला जातो त्यातला निम्मा घेण्यासारखा नाही.

थोडं माझ्याबद्दल म्हणजे तुम्हाला कळेल मी रिंगांवर एवढा का घसरतो. मूळचा मेकॅनिकलवाला, भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलेंडरच्या सीलमध्ये बरीच वर्षं गेली, आता मिनेसोटात असतो आणि तळघरात बीअर करतो. इथे घरी बीअर करायला केंद्राच्या कायद्याने १९७९ पासून मोकळीक आहे, एका सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त सज्ञान असतील तर २०० गॅलन, विकायची मात्र नाही. आणि केगचा किस्सा असा की ज्या कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून याला कॉर्नी केग म्हणतात ती कंपनीही इथलीच, मिनेसोटातली, अनोका गावात त्यांचं ऑफिस होतं. पेप्सी-कोकवाले हॉटेलांना आणि थेटरांना याच ५ गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या टाक्यांमधून सोडा पुरवायचे. पुढे त्या कंपन्या पिशवीत पाक आणि पिशवी पुठ्ठ्याच्या खोक्यात अशा पद्धतीकडे वळल्या आणि हजारो टाक्या भंगारात निघाल्या, त्या आमच्यासारख्यांनी उचलल्या. पूर्वी मातीमोल जायच्या, आता तसं राहिलं नाही, सगळ्यांना अक्कल आलीय.

तर एका केगमध्ये पाच ओ-रिंगा. झाकणाची मोठी एक, दोन पोस्टच्या (गॅस आत आणि बीअर बाहेर जायची तोंडं) बाहेरून एकेक, आणि दोन्ही डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगच्या आत उतरणाऱ्या नळ्या) मानेखाली एकेक. त्याशिवाय पोस्टच्या आत पॉपेट, म्हणजे स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह, असतो त्याच्या टोकाला रबर, झाकणावर प्रेशर सोडायचा व्हॉल्व्ह त्याचं वेगळं, आणि झाकणाच्या कडीला जे दोन पाय असतात त्यांची रबरी टोपणं, ती सील नाहीत पण गेली की कडीचा दाब कमी पडतो. लोक पाच रिंगा बदलतात आणि पॉपेट तसाच ठेवतात, मग कनेक्टर (पोस्टवर चढवायचं नळीचं टोक) काढला की फिस्स आवाज येतो आणि शिव्या रिंगेला.

आता माल. मी तीन ठिकाणचा वापरलाय, त्यांचं एकेक करून सांगतो पण आधी सर्वात वाईट.

ऑनलाइन बाजारात शंभर-शंभर रिंगांचं पाकीट मिळतं, "सर्व केगना चालेल" असं लिहिलेलं, किंमत बघून हात शिवशिवतो. कुणाचं ते लिहीत नाही, त्या पाकिटाला धड कंपनीचं नावही नव्हतं. आल्यावर कॅलिपर लावला तर एकाच पाकिटातल्या रिंगांची जाडी वेगवेगळी, काही २.६ तर काही २.४ मिलिमीटरच्या आसपास, आणि एका रिंगेवर साच्याची शिवण इतकी वर आलेली की नखाला लागत होती. ओ-रिंगेवर अशी शिवण म्हणजे गॅसला आयता रस्ता. बरं मटेरियल काय म्हणून बघितलं तर नुसतं "फूड ग्रेड रबर". रबर म्हणजे काय, कुठलं? नायट्रिल, ईपीडीएम, सिलिकॉन, काही नाही, मुकाट्याने घ्या. पाण्यात उकळून वास घेतला तर टायरच्या दुकानात गेल्यासारखं झालं. त्या बागेच्या नळीला वापरल्या, तिथे उत्तम चालतायत, वाया नाही गेल्या.

दुसरा, होमब्रूच्या दुकानातला सेट. घरापासून गाडीने जवळ एक दुकान आहे, पुढे माल्टची पोती, मागे एक काउंटर आणि काउंटरवर एक म्हातारे काका, अमेरिकनच, पण स्वभावाने आपल्या हार्डवेअरवाल्यांसारखे, म्हणजे तुम्ही काय मागताय ते न देता तुम्हाला काय लागतंय ते देणारे. मी म्हटलं ओ-रिंगांचा सेट द्या, तर म्हणाले केग कुठला? म्हटलं बॉल लॉक (कनेक्टर पोस्टला कसा अडकतो त्यावरून केगचे दोन प्रकार, बॉल लॉक आणि पिन लॉक). ते म्हणाले ते झालं, बनवला कुणी? पोस्ट आणलायस का सोबत? मी खिशातून काढून दिला तर लगेच चष्मा कपाळावर सरकवून आटे बघायला लागले. आता तुम्ही म्हणाल ओ-रिंगेसाठी आटे कशाला बघायचे, तर त्यांचं म्हणणं, रिंग बदलायला पोस्ट काढणार, परत बसवताना दुसऱ्याच केगचा पोस्ट चढवला तर आटे जातात आणि मग रिंग कितीही भारी घाला, गळणारच. आणि हे खरंय. या टाक्या एकट्या कॉर्नेलियसने केलेल्या नाहीत, फायरस्टोननेही केल्यात, हो तेच टायरवाले, आणि पोस्टचे आटे सारखे नाहीत. सगळ्यात जास्त दिसतो तो १९/३२ इंचाचा, पण ९/१६ आणि ५/८ चेही सापडतात. आता हिशोब करा, ९/१६ म्हणजे १८/३२ आणि ५/८ म्हणजे २०/३२, म्हणजे तिघांत एक-एक बत्तीसांश इंचाचा फरक, डोळ्याने ओळखणं अवघड आणि हाताने पहिला अर्धा फेरा फिरतोसुद्धा. ज्याच्याकडे चार-पाच केग आहेत त्याने एका वेळी एकच केग खोलावा, सगळे पोस्ट एका बादलीत टाकून धुवायची हौस करू नये.

त्या दुकानातला सेट ईपीडीएमचा होता, चार-पाच डॉलरला एका केगचा पूर्ण, छोट्या पाकिटावर मटेरियल लिहिलेलं, झाकणाची रिंगही ईपीडीएमची. रिंगा मोजल्या, सगळ्या एकसारख्या. वास नाही. बसवल्या, गॅस दिला, साबणाचं पाणी फवारलं, एक बुडबुडा नाही. याच्याबद्दल तक्रार एकच की पॉपेट वेगळे घ्यावे लागतात आणि ते सगळ्या केगना चालणारे म्हणून जे येतात त्यांची स्प्रिंग जरा ताठ असते, कनेक्टर दाबताना हाताला कळतं. चालून जातं. पाचपैकी साडेचार.

तिसरा रस्ता आमच्या जातकुळीचा, म्हणजे औद्योगिक दुकान. ओ-रिंगांना अमेरिकेत एएस ५६८ नावाचं माप आहे, प्रत्येक मापाला नंबर, आणि एकदा नंबर कळला की केगचा शिक्का मारून विकलेल्या रिंगेला जास्त पैसे द्यायचं कारण उरत नाही. बॉल लॉकच्या पोस्टला १११ नंबर, आतला व्यास १०.७७ मिलिमीटर, जाडी २.६२. डिप ट्यूबला १०९ नंबर, ७.५९ आतला व्यास, जाडी तीच. मॅकमास्टर-कारच्या कॅटलॉगात नंबर टाकायचा, ईपीडीएम निवडायचं, कडकपणा ७० शोअर ए, आणि ज्याच्यावर एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा, उल्लेख आहे तीच घ्यायची. एफडीएच्या नियमावलीत २१ सीएफआर १७७.२६०० हे कलम खाण्यापिण्याच्या वस्तूंना परत परत लागणाऱ्या रबरासाठी आहे, तो आकडा वर्णनात दिसला की डोळे झाकून घ्या. तिथे लहान रिंगा पाकिटानेच मिळतात, एकेक नाही, पण आयुष्यभराचा साठा होतो आणि वर शेजारपाजारच्या बीअरवाल्यांना वाटून पुण्य लागतं. झाकणाच्या रिंगेला मात्र हा उद्योग करू नका, ती साधारण पाव इंच जाड आणि जरा मऊ लागते, केगच्या झाकणाची म्हणूनच मागा.

आता झाकणाच्या रिंगेवरून जे दोन तट पडलेत त्याबद्दल बोलायलाच हवं. जुन्या केगचं तोंड कुठे ना कुठे ठोकलेलं असतं, थेटरवाल्या पोरांनी आपटलेलं, ट्रकवरून टाकलेलं. तोंडाला पोचा असला की साधी रिंग बसत नाही. त्यावर उपाय म्हणून जाडजूड मऊ सिलिकॉनची रिंग विकतात आणि ती खरंच बसते, १० पौंडाच्या (म्हणजे दर चौरस इंचाला १० पौंड) दाबालाही बसते, जादू वाटते. सगळे तिच्यावर फिदा. माझं मत वेगळं आहे. सिलिकॉनमधून वायू फार आरपार जातात, ईपीडीएमच्या मानाने कित्येक पट, आणि नायट्रिल तर ईपीडीएमपेक्षाही घट्ट. लोकांना वाटतं आत दाब आहे म्हणजे बाहेरची हवा आत कशी येईल, तर बाबांनो ऑक्सिजनला आतल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त स्वतःचं प्रमाण कळतं, बाहेर २१ टक्के आणि आत जवळपास शून्य, तो रबरातून झिरपत झिरपत येणार. गव्हाची बीअर आठवड्यात संपवणार असाल तर काही फरक पडत नाही. पण हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) ठासून भरलेली आयपीए जातीची बीअर महिनाभर ठेवायची असेल तर रंग तांबूस होतो आणि वास ओल्या पुठ्ठ्यावर जातो, आणि मग माणूस हॉप्सला, यीस्टला, पाण्याला, सगळ्यांना दोष देतो, झाकणाकडे कुणी बघत नाही. अर्थात पुठ्ठ्याच्या वासाचं खापर दर वेळी रिंगेवर फोडता येणार नाही, भरताना हवा शिरली तरी तेच होतं. पण एवढी मोठी रिंग सिलिकॉनची ठेवून वर लहान रिंगांच्या मटेरियलवर वाद घालणं म्हणजे दार उघडं ठेवून खिडकीला कडी लावणं.

मग पोचे आलेल्या केगचं काय? आधी ईपीडीएमचीच रिंग, नीट ओली करून, ग्रीस लावून, झाकण जागेवर धरून ३० पौंडाचा झटका द्या. झाकण लंबगोल असतं आणि आतून वर दाबलं जातं, त्यामुळे दाब वाढला की ते स्वतःच घट्ट बसतं, एकदा बसलं की १०-१२ वर आणलं तरी धरून ठेवतं. तेवढ्याने नाही झालं तर कडीच्या पायाखाली एकेक नाणं सरकवा, इथे एक सेंटचं चालतं, कडीला जोर येतो. झाकण दोन्ही बाजूंनी फिरवून बघा, कधी कधी १८० अंशात उलटं केलं की बसतं. हे सगळं करूनही गळलं तरच सिलिकॉन. आणि उघडताना मात्र आधी व्हॉल्व्ह ओढून दाब पूर्ण सोडायचा, अर्धवट दाबात कडीशी झटापट करायची नाही.

ग्रीसवरून एक सांगायचं राहिलं. ईपीडीएमला व्हॅसलिन लावू नका, कुठलंही पेट्रोलियमचं लावू नका, ते रबर फुगतं आणि ढिलं पडतं. खाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, तेही रिंग चमकेल इतपत, थापायचं नाही, बीअरच्या फेसाची वाट लागते. आणि गंमत बघा, सिलिकॉनच्या रिंगेला सिलिकॉनचं ग्रीस चालत नाही, ती पण फुगते. म्हणजे ज्यांनी घरात दोन्ही प्रकारच्या रिंगा ठेवल्यात त्यांनी डब्यावर नावं टाकावीत. नायट्रिलबद्दल विचारणार असाल तर ते गॅस उत्तम अडवतं, तेलालाही चालतं, पण गरम पाणी आणि कडक क्षाराच्या धुण्यात ईपीडीएम जास्त टिकतं आणि मी केग गरम पाण्यानेच धुतो म्हणून माझं मत ईपीडीएमला.

गळती शोधायची कशी हेही जरा, कारण चांगल्या रिंगा टाकूनही ५ पौंड वजनाचा गॅस मावणारं सिलेंडर रात्रीत रिकामं झालं की लोक परत रिंगा मागवतात. रिकामा केग घ्या, बीअर भरलेला नको, कारण बीअर गॅस पिते आणि काटा खाली येतो तो गळतीमुळे की त्यामुळे हे कळत नाही. दाब द्या, सिलेंडर बंद करा, कनेक्टर काढा आणि केग उलटा करून पोस्टसकट तोंड पाण्याच्या बादलीत. बुडबुडे कुठून येतात ते दिसतंच. पोस्टच्या मधोमधून आले तर पॉपेट, पोस्टच्या मुळाशी आले तर डिप ट्यूबची रिंग, झाकणाच्या कडेने आले तर वरचं सगळं परत वाचा. आणि पोस्टची बाहेरची रिंग यात सापडत नाही, ती कनेक्टर चढवलेला असतानाच काम करते, तिच्यासाठी कनेक्टर लावून स्टार सॅनचं (केग निर्जंतुक करायचं फेसाळ द्रव्य) पाणी फवारायचं. केग कोरडा ठणठणीत निघाला तर रेग्युलेटर आणि सिलेंडरच्या मधला वायसर बघा. इथल्या सिलेंडरला सीजीए ३२० म्हणून जोड असतो, त्यात एक चपटं नायलॉनचं वायसर लागतं, काही सेंटांची वस्तू, आणि निम्मी गळती तिथेच असते असा माझा तरी अनुभव. सिलेंडर भरून आणताना दुकानदाराकडून एक मागून घ्या, फुकट देतात बहुतेक.

पिन लॉकवाल्यांना थोडं वेगळं. बॉल लॉक साधारण पेप्सीकडून आलेले आणि पिन लॉक कोककडून, पिन लॉक जरा बुटके आणि जाड, गॅसच्या पोस्टला दोन पिना आणि बीअरच्या पोस्टला तीन, त्यामुळे कनेक्टर उलटा लागूच शकत नाही, ही त्यांची मोठी चांगली बाजू. पण पोस्ट काढायला साधा सॉकेट चालत नाही, पिनांना जागा द्यायला खाचा पाडलेला लागतो, विकत मिळतो किंवा ग्राइंडर असेल तर घरी पाडता येतो. रिंगांचे सेटही वेगळे, वर दिलेला १११ नंबर पिन लॉकला घेऊ नका. हाताने ओढून सोडायचा प्रेशर व्हॉल्व्ह जुन्या पिन लॉकच्या झाकणावर बहुतेक वेळा नसतोच, झाकण नवीन घेतलंत तर जिवाला बरं.

आता एक आपल्याकडचा विषय. गणपतीत इथल्या मंडळासाठी मी एका केगमध्ये कोकम सोडा करतो, बीअरच्या केगमध्ये नाही, वेगळ्या, आणि त्याच्या रिंगा लाल रंगाच्या घेतल्यात म्हणजे गोंधळ नको. जिऱ्याचा वास रबरात रूट बीअरइतकाच मुरतो, एकदा कोकम झालं की ती रिंग कोकमाचीच. आणि जिरेपूड गाळल्याशिवाय केगमध्ये टाकू नका, काळ्या मिठाचे खडेही नाहीत, ते कण पॉपेटच्या रबराखाली अडकतात, पॉपेट पूर्ण बंद होत नाही आणि आरती चालू असताना मागे बारीक शिट्टी वाजत राहते. मलमलच्या कापडातून दोनदा गाळलं की प्रश्न मिटतो. लहान मुलं रांग लावतात या नळाला, मोठी माणसं पण लावतात, त्यांना आधी वाटतं दुसरं काही आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं कायद्यात बसत नाही तेव्हा तो विषय सोडून द्या, पण कोकम, आलं-लिंबू, नुसता सोडा यासाठी केग ठेवायला काय हरकत आहे. जुना केग मिळवलात तर रिंगांसाठी इथून पार्सल मागवू नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंगांची दुकानं आहेत, १०९ आणि १११ नंबर सांगा, ईपीडीएम म्हणा, फूड ग्रेडचं सर्टिफिकेट आहे का ते विचारा आणि नसेल तर पुढच्या दुकानात जा. नुसतं "काळी रिंग द्या" म्हणालात तर नायट्रिलची हातात पडेल, कारण तिथे जास्त खप हायड्रॉलिकवाल्यांचा. जुनी रिंग नमुना म्हणून नेऊ नका, ती वर्षानुवर्षं दाबून चपटी आणि ताणून मोठी झालेली असते, तिच्या मापाने घेतलेली नवी रिंग चुकीचीच येणार, त्यापेक्षा पोस्ट न्या सोबत.